आप्पांचा उचललेला हात

चैत्र सरत आला की आमच्याकडे आधी लिंबाचा मोहोर गळतो, मग बोअरची मोटर पाण्याऐवजी हवा ओढायला लागते, आणि मग फोनवर आप्पा येतात. यंदाही आले. दुपारी जेवून ओसरीत पडलो होतो. पुण्याच्या एका मेहुण्यानं व्हिडिओ पाठवला होता आणि खाली ओळ होती : आजची घटना, बीड जिल्हा, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

मी दरवर्षी लिहितो तेच लिहिलं. व्हिडिओ जुना आहे, त्यातले गृहस्थ वारले आहेत. मेहुण्यानं अंगठा पाठवला. म्हणजे वाचलं की नाही, हे कळायला मार्ग नाही.

व्हिडिओ मिनिटभराचाही नाही. सुरुवातीला टँकर दिसतो. त्याच्याभोवती घागरी, कॅन, प्लास्टिकचे ड्रम आणि बायांची रेटारेटी. फोन धरणारा माणूस चालायला लागतो, तसं चित्र हलतं, देवळाचा सभामंडप येतो, अंधार होतो आणि मग खाली गाभाऱ्यात काळपट पाणी चमकतं. पिंड दिसत नाही, ती पाण्याखाली आहे. उंबऱ्यापाशी एक म्हातारा उभा आहे; धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, कपाळावर भस्म. आपल्याकडे पाठ केलेली हिरव्या लुगड्यातली एक बाई त्याच्यापुढे तांब्या धरते. म्हाताऱ्याचा उजवा हात वर जातो, पंजा उघडा. तिथं संपतं.

हा एकच व्हिडिओ दोन प्रकारांत फिरतो. एका प्रकारात वृत्तवाहिनीचा भारदस्त आवाज आहे, माणसाच्या घशाला कोरड आणि देवाला आंघोळ, असं म्हणणारा. तो ऐकत पाहिलं की वाटतं, म्हातारा बायांना बोलावतोय, ओता, अजून ओता. दुसऱ्यात शंख वाजतो, मागं संथ मंत्र चालतो आणि श्रद्धेची ताकद असं काहीतरी लिहून येतं. तो पाहिला की तोच हात आशीर्वादाचा वाटतो. पहिला प्रकार पाठवणारे दुसरा पाठवणाऱ्यांना मूर्ख म्हणतात आणि दुसरे पहिल्यांना नास्तिक. दोन्ही माझ्या ओळखीचे आहेत, दोन्ही माझ्या फोनमध्ये आहेत.

त्या पाठमोऱ्या बाईशी माझं लग्न झालेलं आहे. हात का वर गेला, हे मला तिच्याकडून माहीत आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या वर्षातली ही गोष्ट. नेकनूरपासून आत आमचं गाव. गावाला सहकारी दूध संस्था होती आणि मी तिचा सेक्रेटरी होतो. सकाळचं दूध एरवी आठ कॅन भरायचं. त्या वैशाखात दोन भरायला मारामार. बहुतेक जनावरं चारा छावणीवर गेली होती आणि घरटी एक माणूस त्यांच्यामागं. गावात मागं राहिलेल्यांना पहिल्यांदा कळलं की जनावरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आपल्याला किती आधार होता. संध्याकाळ व्हायची आणि काहीच परत यायचं नाही. धूळसुद्धा उडायची नाही. त्या शांततेचा रंग मला आठवतो : पिवळट, शिळ्या वरणासारखा.

आवाज असायचा तो संस्थेच्या खोलीवरच्या भोंग्याचा. पहाटे संकलन सुरू झालं की आम्ही त्यावर अभंग लावायचो. खोलीत एक टीव्हीही होता, संस्थेच्या एका बऱ्या वर्षी घेतलेला. दूध घालून झालं की लोक टीव्हीसमोर बसत. दूध कमी झालं तसं बसणं वाढलं. करायला दुसरं काही नव्हतं. पावसाच्या बातम्या बघायच्या, केरळात कधी पोचणार हे ऐकायचं, आणि मग कुठल्यातरी वाहिनीवरचं प्रवचन.

त्या दिवसांत मेघना आमच्या घरी राहायला आली. पुण्याच्या विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होती, त्यातच पीएचडी करत होती. माझ्या एका जुन्या मास्तरांनी पाठवली होती. गावानं विचारलं, हे कसलं शास्त्र? मी सांगितलं, माणसं कशी जगतात ते बघायचं. यावर आमच्या दूधगाडीचा ड्रायव्हर बालाजी म्हणाला, "मंग इथं कावून आली? इथं जगायलेत कुठं, दम धरायलेत नुस्ते."

तिचा विषय होता धर्म आणि माध्यमं. भोंग्यावरच्या अभंगानं, टीव्हीवरच्या आरतीनं, फोनमधल्या देवाच्या फोटोनं गावाच्या देवधर्मात काय फरक पडतो, हे ती विचारत फिरायची. मला विषय आधी पोकळ वाटला. प्यायला पाणी नसताना हे काय विचारायचं? पण पोरगी मेहनती होती. उन्हाची फिरायची, कुणाच्याही ओसरीवर बसायची, आणि आमच्याकडे पाणी वाटीनं मोजून वापरायची, हे सुमनला, माझ्या बायकोला, आवडलं.

महादेवाचे पुजारी किसनआप्पा गुरव. पूजा त्यांच्या घराण्याकडं पिढ्यान् पिढ्या. त्याबद्दल सुगीला घरटी पसाभर धान्य, एवढाच हक्क. अंगानं काटक, बोलायला तिखट. मेघना पहिल्यांदा देवळात गेली तेव्हा मी बरोबर होतो.

"नाव काय म्हनलीस, बाई?"

"मेघना."

"ढग हाय व्हय नावात! मंग असं मोकळ्या हातानं येतेत का?"

सभामंडपात बसलेले चार लोक हसले. तीही हसली. मग तिनं वही काढली आणि विचारलं की टीव्हीवर सकाळी आरती लागते तेव्हापासून देवळात माणसं कमी झाली का?

"येत्यात की. टीव्हीतल्या देवाला अंगारा कुठाय?"

"आणि भोंग्यावरचे अभंग?"

"भोंगा लागला की दूध घालायची येळ झाली म्हून कळतं मानसाला. देवाला बी कळत असंल."

तिनं समजावून सांगितलं की तिच्या शास्त्रात घंटा, शंख, भोंगा, टीव्ही, फोन, सगळं एकाच रांगेत बसतं. देव आणि माणूस यांच्या मधे जे जे असतं ते माध्यम. आप्पांनी ते नीट ऐकून घेतलं.

"मंग मी बी त्यातलाच."

"हो आप्पा. तुम्हीही."

आप्पा माझ्याकडं वळले. "बघ बे सेक्रेटरी. जलमभर पूजा केली आन आज कळलं, मी भोंगा हाय."

पुढं कितीतरी दिवस आम्ही या वाक्यावर हसलो. दूध घालताना कुणी मोठ्यानं बोललं की दुसरा म्हणायचा, आप्पा व्हय रं? आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

पावसानं फार ताण दिला की आमच्याकडे महादेव कोंडतात. गाभारा सभामंडपापेक्षा चार पायऱ्या खाली आहे. पाणी जायची मोरी फडक्यानं आणि मातीनं बुजवायची, उंबरा शेणमातीनं लिंपायचा आणि पिंड बुडेपर्यंत गाभारा भरायचा. देवाचा जीव गुदमरला की देव पाऊस पाडतो, असं समजायचं. पाऊस आला की मोरी मोकळी. यात भक्ती किती आणि दमदाटी किती, असं मेघनानं विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "घरच्या मानसावर रुसायचं न्हाई तर कुनावर?"

या प्रकाराला आप्पांच्या घराण्याचा एक नियम होता. त्यांच्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात घातलेला. माणसाला पिता येईल असं पाणी गाभाऱ्यात घालायचं नाही. देवळाच्या मागं बारव आहे, पायऱ्यांची विहीर. त्या वर्षी तिच्या तळाशी हिरवं, वास येणारं पाणी उरलं होतं, जनावरंही तोंड लावत नव्हती. तेवढंच पाणी चालतं. गावानं माणसामागं माणूस उभं करून बारवेतनं घागरी वर काढल्या आणि गाभारा भरला. मीही त्या ओळीत होतो. माझ्या सदऱ्याला शेवाळाचे डाग पडले, ते सुमनला धुता आले नाहीत, कारण धुवायला पाणी नव्हतं.

देवळासमोरचं मैदान ही गावात टँकर वळवता येईल अशी एकच जागा. हे एक वाक्य मी नंतर किती जणांना सांगितलं असेल! टँकर देवळासमोर उभा राहायचा, कारण दुसरीकडं तो वळत नव्हता. बस, एवढंच.

आमची धाकटी मुलगी तेव्हा लहान होती आणि तापानं फणफणली होती. त्या दिवशी टँकर आला, सुमनचा नंबर लागला. तिनं पहिला तांब्या बाजूला काढला आणि घरी न जाता तशीच देवळात शिरली. मुलीसाठी. आपल्या तोंडचं पहिलं पाणी देवाला दिलं तर देव ऐकेल, असं तिला वाटलं. नियम तिलाही माहीत होता. आईपण नियम पाळत नाही.

आप्पांनी हात वर केला. म्हणाले, "न्हाई, माय. हे पेयाचं हाय. लेकराला ठिव."

नेमका त्याच वेळी बालाजी टँकरपासून फोन धरून चालत आत आला होता. गावाची भक्ती जगाला दिसावी, एवढीच त्याची इच्छा. सुमनला मध्ये अडवायला नको म्हणून तो मागं थांबला, आणि आप्पांचा हात वर गेल्यावर त्यानं बंद केलं; पुढचे शब्द टँकरच्या गलक्यात त्याला ऐकूही आले नाहीत. पाया पडायला त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते. त्यानं तो व्हिडिओ मित्रांना पाठवला. मित्रांनी त्यांच्या मित्रांना. कुणीतरी वाहिनीच्या माणसाला.

दोन दिवसांनी सकाळच्या संकलनानंतर खोलीतल्या टीव्हीवर आमचं गाव आलं.

पहिल्यांदा केवढा आनंद झाला! "आरं, आपलं देऊळ! आपला टँकर!" माणसं उठून उभी राहिली. शेजारच्या घरातल्या बायांना हाका गेल्या. कुणी कुणाची बायको ओळखली, कुणी स्वतःची घागर ओळखली. मेघना माझ्या शेजारी उभी होती, तिची वही उघडी होती. मग तो आवाज कानात शिरायला लागला. घशाला कोरड, देवाला आंघोळ. आप्पांच्या वर गेलेल्या हातावर चित्र थांबवून त्यांनी लाल गोल काढला. तोच तुकडा पुनःपुन्हा दाखवला.

त्या खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकानं बारवेचं पाणी आपल्या हातानं वर काढलं होतं. तरी थोड्या वेळानं एक जण म्हणाला, "आप्पानं गावाची अब्रू घालवली."

मी त्याच्याकडं बघितलं. तो घागरींच्या ओळीत माझ्या पुढंच उभा होता.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. तो जाणूनबुजून खोटं बोलला, असं मला वाटत नाही. डोळ्यांनी एकदा पाहिलेलं आणि पडद्यावर दहादा पाहिलेलं, या दोहोंत पडदा जिंकला, इतकंच. देवाच्या बाबतीतही हेच होत आलं असेल. ज्यानं पहिल्यांदा काही अनुभवलं त्याचा अनुभव एकट्याचा. मग त्याची कथा झाली, कथेचं चित्र झालं, चित्राची मूर्ती. आपण मूर्तीला ओळखतो. तो पहिला माणूस समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, बाबांनो, असं नव्हतं, तर आपण त्याला देवळातनं बाहेर काढू.

टँकर थांबला. चौकशी होईपर्यंत थांबवलाय, असा निरोप आला. निरोप कुणी दिला, कुणाच्या सहीनं, याचा मी शोध घेतला; कागद कुणी दाखवला नाही. पण टँकर आला नाही, हे खरं. बाया दोन कोसांवरच्या विहिरीवर जायला लागल्या. उन्हानं एक बाई वाटेत पडली, तिला उचलून आणली. त्या दिवशी संध्याकाळी संस्थेच्या खोलीत बैठक बसली.

विषय एकच. आप्पांनी मोरी मोकळी करावी, चूक झाली म्हणून सांगावं, आणि पूजा सोडावी. म्हणजे वर कळवता येईल की गावानं कारवाई केली.

"आप्पा, तुमी हात वर केलता का न्हाई?" एकानं विचारलं.

"केलता."

"मंग झालं तर."

"हात न्हाई म्हनायला बी वर जातो, बाबा."

तेव्हा वाघमारे गुरुजी उभे राहिले. बौद्धवाड्यातले, निवृत्त शिक्षक, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवलेली. म्हणाले, "मी त्या देवळाची पायरी चढलो नाही आणि चढणार नाही. गाभारा भरून पाऊस येतो, हे मला पटत नाही, हे मी किसनआप्पाला तोंडावर सांगितलंय. पण बारवेतनं पाणी काढताना मी शाळेच्या ओट्यावरून बघितलंय. टँकरचं पाणी आत गेलेलं नाही."

"गुरुजी, तुमचा ह्यात काय संबंध?"

"एवढाच, की मी बघितलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "आता ह्यांनी बी आप्पाची बाजू घेतली म्हंजी बघायलाच नको." दोघं-तिघं हसले. गुरुजी बसले नाहीत, शेवटपर्यंत उभेच राहिले.

मग दारातनं सुमन आत आली. आमच्या बैठकीत बाया येत नसत. डोक्यावर पदर होता. "ती बाई मी हाय," ती म्हणाली. "तांब्या माझा हाय. आप्पा मला न्हाई म्हनले. मी पानी माघारी नेलं."

"वैनी, त्यात तसं ऐकू येत न्हाई."

"माझ्या कानाला आलं की."

"ते दाखिवता येतं का?"

आता दाखवणार कसं? तांब्या परत नेतानाचा व्हिडिओ कुणी काढला नव्हता. मी संस्थेच्या वतीनं वाहिनीला लिहिलं, तालुक्याला लिहिलं, तेही बैठकीत सांगितलं. उत्तर आलं का, असं त्यांनी विचारलं. आलं नव्हतं. एका बाजूला एका माणसाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या गावाचं पाणी. काटा कुठं झुकणार, हे सांगायला सेक्रेटरी लागत नाही. त्या लोकांवर मी आजही राग धरत नाही. त्यांच्या घरात पाणी नव्हतं.

मेघना कोपऱ्यात बसून होती. घरी आल्यावर सुमननं तिला विचारलं, "ताई, तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमी कावून बोलल्या न्हाईत?"

"काकू, मी बोलले असते तर निर्णय गावाचा राहिला नसता. आम्ही बघायचं असतं, ढवळायचं नसतं."

"तसाबी कुठं गावाचा राहिला?" सुमन म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मेघना त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतःच्या हातानं मोरीतली माती काढली. सगळं गाव बघायला जमलं होतं. आधी नुसती बुडबुड झाली, मग फडकं सुटलं आणि गोमुखातनं पाणी धो धो बाहेर आलं. हिरवं, दाट, वास मारणारं. शेवाळाच्या लडीच्या लडी दगडावर येऊन पडल्या. टँकरच्या पाण्यात शेवाळ नसतं, हे आमच्या गावातल्या कुणालाही कळतं. ते सगळ्यांनी बघितलं. सगळे गप्प राहिले. पाणी मैदानात पसरलं आणि बघता बघता जमिनीनं ओढून घेतलं.

त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. बालाजी माझ्या शेजारी उभा होता, फोन खिशात, मान खाली.

टँकर सुरू झाला. पाऊस मृग कोरडा घालवून आला. बेताचाच आला. गुरव कोंडलेला देव सोडून बसला, म्हणून उशिरा आला, असंही काही जण म्हणाले. म्हणजे पाणी घातलं म्हणूनही आप्पा दोषी आणि सोडलं म्हणूनही.

आप्पा दिवाळीपर्यंत गावात राहिले. देवळात दुसऱ्याची नेमणूक झाली. सुगीला पसाभर धान्य घालायला कुणी आलं नाही. मग ते आणि सोजरकाकू, त्यांची बायको, मांजरसुंब्याला मुलाकडं गेले. मुलाचं तिथं ढाब्यांच्या रांगेला लागून पंक्चरचं दुकान आहे. आप्पा दुकानाबाहेर बाजेवर बसायचे. पण येणारा-जाणारा ट्रकवाला, गाडीवाला त्यांच्याकडं बघत राहायचा. "तुम्ही त्या व्हिडिओतले का हो?" कुणी हसायचं. कुणी पाया पडायचं आणि शेजारी उभं राहून फोटो काढायचं. मी एकदा गेलो तेव्हा आप्पांनी बाज आत ओढून घेतली होती, टायरांच्या मागं, उजेड नसलेल्या बाजूला.

"हसनाऱ्याचं काय न्हाई, सेक्रेटरी," ते म्हणाले. "पाया पडनाऱ्याची भ्या वाटती. मी केलंच न्हाई त्याच्या पाया पडायलेत."

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. आम्ही मातीला गेलो होतो. गावातनं वाघमारे गुरुजी आले, बालाजी आला. आणखी कुणी नाही.

मेघनाला पदवी मिळाली. तिनं आठवणीनं तिचा प्रबंध पाठवला. इंग्रजीत होता, जाडजूड. मी शब्दकोश घेऊन बसलो, दूध संस्था तोवर बंदच पडली होती, त्यामुळे वेळ होता. आणि त्यात मला ते सापडलं. सगळं. बारवेचं हिरवं पाणी, बहात्तरचा नियम, सुमनचा तांब्या, आप्पांचं 'न्हाई, माय'. एक शब्द इकडचा तिकडं नाही. वाचताना माझे डोळे भरून आले. फक्त त्यात आप्पांचं नाव सदाशिव होतं. आमच्या गावाचंही नाव दुसरंच होतं.

मी तिला फोन केला. "नावं का बदललीस?"

"नियम आहे, काका. माहिती देणाऱ्या माणसाला आपल्यामुळं त्रास होऊ नये म्हणून."

"त्रास तर होऊन गेला, बाळा."

ती म्हणाली, "हो." तिच्या आवाजावरून मला कळलं की हा विचार तिनं माझ्याआधी केलेला आहे, आणि तिच्याकडंही पुढचं काही नाही.

हे असं आहे. जिथं आप्पांचा चेहरा आहे तिथं ते खोटं आहे, आणि ते लाखो लोक बघतात. जिथं खरं आहे तिथं आप्पांचा चेहरा नाही, नावही नाही, आणि ते पुस्तक एका ग्रंथालयात कपाटात आहे. मी हिशेबाचा माणूस. दोन्ही बाजू मांडून बघतो आणि तेरीज जुळत नाही. दर चैत्राला पुन्हा मांडतो.

यंदा व्हिडिओ आला त्याच आठवड्यात मी आणि सुमन मांजरसुंब्याला गेलो. रस्ता रुंद झालाय, ढाबे वाढलेत, पंक्चरचं दुकान आहे तिथंच आहे. मागच्या पत्र्याच्या खोलीत सोजरकाकू गहू निवडत होत्या. दृष्टी कमी झालीय, बोटांनीच खडे शोधतात. सुमननं आणलेली चटणी त्यांनी हुंगून बघितली, "लई तिखट केलीस," म्हणाल्या आणि डबी मांडीशी ओढून घेतली.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "आलं का औंदा तुमच्या फोनात?"

"आलं, काकू."

"आमच्या पोराच्या बी आलं. पर त्यो दावत न्हाई. डोळ्याला पानी येतं म्हनतो तुज्या. दावा तुमी."

मी फोन काढला. लावणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"आवाज बंद करा आदी. त्यो बाबा बोलाय लागला की ह्यांचं काय ऐकू येत न्हाई."

मी आवाज बंद केला. बाहेर मुलगा टायरवर हातोडा मारत होता, तेवढाच आवाज. काकूंनी फोन पार डोळ्यांजवळ नेला. टँकर आला, घागरी आल्या, अंधार झाला, पाणी चमकलं. आप्पा उभे होते, धोतर ओलं. हिरव्या लुगड्यातली सुमन आली, तिनं तांब्या पुढं धरला. हात वर गेला.

काकू त्या दिवशी देवळात नव्हत्या. तरी त्यांचे ओठ त्या हाताबरोबर हलले. "न्हाई, माय," त्या म्हणाल्या. आप्पांचीच ढब, तोच शेवटी ओढलेला सूर.

चित्र थांबलं. काकूंनी फोन माझ्याकडं न देता मांडीवर ठेवला आणि सुमनकडं तोंड केलं.

"आता पुढचं सांग."

दरवर्षी हे असंच होतं, म्हणून सुमन आधीच सरसावून बसली होती. ती सांगायला लागली. व्हिडिओ जिथं संपतो तिथून.

"मंग मी तांब्या माघारी घेतला. आप्पांच्या पाया पडले. पायऱ्या चढून वर आले."

"सांडलं का?"

"न्हाई काकू. वरून हात धरला होता. मैदानातनं तशीच घरला गेले."

"आन लेकरू?"

"उठून बसली. घटाघटा प्याली. समदा तांब्या."

काकूंनी मान हलवली. गव्हातला एक खडा बोटाला लागला होता, तो काढून बाजूला टाकला. मग फोन चाचपून माझ्यापुढं धरला.

"पुन्यांदा लावा," त्या म्हणाल्या.

मी लावला. आवाज बंदच ठेवला.